थोरल्या बुवांचा नारळ

बंगलोरला जाऊन काय काय पाहिलंत, असं मला शाळेत सगळ्यांनी विचारलं. लालबाग? नाही. विधानसौध? बसच्या खिडकीतून, तोही अर्धाच, कारण पुढे पाण्याचा टँकर उभा होता. मग केलंत तरी काय? एका सत्तरीच्या गोऱ्या गायकाचं गाणं ऐकलं, चार तऱ्हेचे डोसे खाल्ले आणि एक नारळ पनवेलहून बंगलोरला नेऊन परत पनवेलला आणला. नारळाशी आलं की लोक हसतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. तेव्हा आता लिहूनच काढते, म्हणजे मध्ये कोणाला बोलता येणार नाही.

पनवेल

आम्ही तिघं. मी भूगोल शिकवते. नजीरभाई तरुणपणी कुवेतला होते. तिथून ट्रंकभर इंग्रजी कॅसेटी घेऊन परतले आणि पनवेलच्या बाजारात दुकान टाकून बसले. आधी कॅसेटी विकल्या, मग सीड्या आणि आता मोबाइलची कव्हरं विकतात. तिसरे हसूदादा, म्हणजे बेलपाड्याचे हसुराम. खारघरचे टॉवर उभे राहिले तेव्हा त्यांच्या मधोमध जे मूळचं गाव तसंच राहिलं, ते बेलपाडा. हसूदादा दिवसा बंदरात क्रेन चालवतात. पण गावात त्यांना कोणी क्रेनवाला म्हणत नाही. गावच्या भजनी मंडळाचे ते बुवा.

मी कॉलेजात असताना एका दुपारी नजीरभाईंच्या दुकानात त्या गोऱ्याची कॅसेट लागली होती. हसूदादा पेटी दुरुस्त करून घरी चालले होते. खांद्यावर पेटी घेऊन ते रस्त्यातच थांबले आणि अख्खं गाणं तसंच उभ्यानं ऐकलं. मग म्हणाले, "ह्यो तर बुवा हाय! बगा ना, ह्यो एक वल बोलतो नि पाठचे उचलतान." वल म्हणजे ओळ.

त्या दिवसापासून तो आमचा थोरला बुवा. खरं नाव आम्ही फारसं घेतच नाही. घेतलंच तर नजीरभाई एका तऱ्हेनं घेतात, हसूदादा दुसऱ्या, आणि मी शिक्षिका असल्यामुळे दोघांना दुरुस्त करते.

थोरले बुवा हिंदुस्थानात येणार ही आवई दर हिवाळ्यात उठते. वांद्र्याला येणार, पुण्याला येणार, गोव्याच्या किनाऱ्यावर गाणार. नजीरभाई इंटरनेटवर जगभरातल्या चाहत्यांच्या एका गटात आहेत. तिथे ब्राझीलचा कोणी, पोलंडचा कोणी, सगळे रात्रंदिवस एवढंच बोलतात की बुवा कुठे चालले, तिकीट कितीचं आणि हा दौरा शेवटचा की त्याच्या आधीचा. ती सगळी खबर संध्याकाळी वडाळे तलावाच्या कट्ट्यावर आमच्यापर्यंत पोचते.

"ताई, खबर पक्की. या वेळी बंगलोर," नजीरभाई म्हणाले. "आणि हा आखरी दौरा."

"गेल्या वर्षीची पण पक्कीच होती."

"ती अफवा होती. ही खबर आहे."

रुकय्याभाभी, म्हणजे नजीरभाईंच्या बेगम, शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हा माणूस दरसाल आखरी जातो आणि दरसाल घरीच असतो. माझ्या मोठ्या नणंदेसारखं आहे याचं."

पण या वेळी खबर खरी निघाली. फेब्रुवारीचा एक शनिवार ठरला, मैदान ठरलं आणि तिकिटांचे दर आले. ते दर पाहून आमच्या कट्ट्यावर दोन दिवस नुसती बेरीज-वजाबाकी चालली. सर्वांत पुढे सोफे, मध्ये खुर्च्या आणि मागे गवतावर उभं राहायची जागा. सोफ्याच्या एका तिकिटात माझ्या लेकीच्या कानातले झाले असते. नजीरभाईंना पुढेच बसायचं होतं, कारण कुवेतला जनरेटरच्या घरघरीत त्यांचे कान कामातून गेलेत. मी म्हटलं, अहो, तिथे कर्णे घराएवढे असतात, मागूनसुद्धा ऐकू येईल. हसूदादांना मुळात तिकीट ही कल्पनाच पटत नव्हती.

"आमचे गावान बुवा फुकट गातो," ते म्हणाले. "नि ऐकनाऱ्याला वर जेवन मिलतं."

शेवटी गवताची तिकिटं काढली. नजीरभाईंनी एक आठवडा माझ्याशी अबोला धरला, तोही फोन करून करून.

आता हसूदादांचं सांगायला हवं, कारण या प्रवासात मनाला जो घोर होता तो त्यांचा होता. आदल्या वर्षी त्यांच्या गळ्यावर गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवाला हात जोडले. पण टिपेला गेलं की त्यांचा आवाज फाटायला लागला. माणूस बोलतो छान, खाली गातो छान, पण वर चढला की कापड टर्रकन फाटावं तसं होतं. डॉक्टर म्हणाले, गा, गायला काही हरकत नाही. हसूदादांनी पेटीवर चादर टाकली ती टाकलीच.

आमच्याकडच्या भजनात बुवा ओळ म्हणतो आणि मागे बसलेला कोरस ती उचलतो. बुवाचा दम कमी पडतोय असं दिसलं, तर चांगला कोरस ओळ संपायच्या आधीच उचलतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मंडळातल्या पोरांनी हसूदादांना हेच सांगितलं, की तुम्ही बसा, वरचं आम्ही बघतो.

"उचलतील ना. मना ठाव हाय," हसूदादा मला म्हणाले होते. "पन ती कीव जाली बाई. कीव खाऊन कोन बुवा होत नाय."

महाशिवरात्रीनंतर बेलपाड्याला हरिनाम सप्ताह असतो. यंदा पेटीवर कोण बसणार, असं मंडळ विचारत होतं. हसूदादांनी उत्तर दिलं, "थोरल्या बुवाला ऐकून येतो नि मग सांगतो."

म्हणजे सत्तर वर्षांच्या त्या गोऱ्याच्या गळ्यावर आमच्या बेलपाड्याचा सप्ताह टांगलेला. आणि नेमका तेव्हाच दुबईहून नजीरभाईंच्या भाच्याचा फोन आला. त्यानं बुवांना आदल्याच आठवड्यात तिथे ऐकलं होतं. म्हणाला, मामू, पैसे वाया घालवू नका, म्हाताऱ्याचा आवाज गेला. वरच्या ओळीला पार फुटतो. नजीरभाई धावत माझ्या घरी आले. आम्ही दोघांनी ठरवलं, की हसूदादांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. कदाचित दुबईच्या हवेचा दोष असेल, असं मी म्हटलं. भूगोलाच्या शिक्षिकेला असं काहीतरी सुचतंच.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात शेंडीचा नारळ ठेवला. शेंडीला लाल दोरा बांधलेला, वर हळदकुंकू.

"हा बुवांपुढे ठेव."

"अहो आई, ते इंग्रज आहेत."

"असू दे. गाणारा तो बुवा. गाणं ऐकायला जायचं आणि तेही रिकाम्या हातानं?"

हसूदादा मला न्यायला दारात आले होते, त्यांच्याकडे पाहिलं, म्हटलं आता हे तरी समजावतील. त्यांनी नारळ कानाशी हलवून पाणी आहे का ते पाहिलं आणि पसंतीची मान डोलावली.

कळंबोली ते दावणगिरी

कळंबोलीहून दुपारची झोपायची बस होती. खाली नजीरभाई आणि भाभी, वर मी, समोरच्या बर्थवर हसूदादा. भाभींना गाण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना बंगलोरी सिल्क घ्यायचं होतं आणि नवऱ्याला एकटं सोडायचं नव्हतं. बरोबर खिम्याच्या पोळ्या, घावणे आणि तांदळाच्या पिठाचे गोड वडे होते. हसूदादांच्या घरून सुक्या मासळीची, जवळ्याची चटणी आणि भाकऱ्या आल्या होत्या. चटणीचा डबा उघडल्यावर मागच्या बर्थवरचे एक सद्गृहस्थ उठून ड्रायव्हरपाशी जाऊन बसले ते साताऱ्यापर्यंत.

खंबाटकीच्या घाटात वळणावर नारळ माझ्या बर्थवरून खाली पडला आणि गडगडत थेट केबिनच्या दारावर आपटला. क्लीनरला वाटलं गाडीचंच काही निखळलं. त्यानं गाडी थांबवायला लावली आणि टॉर्च घेऊन खाली वाकला. नारळ परत मिळाला तो सगळ्या बसच्या हातांतून. कोल्हापूर येईपर्यंत त्या बसमध्ये माझं नाव कोणाला माहीत नव्हतं, पण नारळ कोणासाठी चाललाय हे प्रत्येकाला माहीत होतं. एका आजोबांनी तर विचारलं, "बुवांचा मठ कुठं आहे म्हणे बंगलोरला?"

सकाळी जाग आली ती दावणगिरीच्या अलीकडे. माती तांबडी, आभाळ मोठं आणि मधूनमधून नांगरलेली काळी रानं. गाडी एका साध्या हॉटेलापुढे थांबली. तिथला लोण्याचा डोसा खाल्ला नाही त्यानं दावणगिरी पाहिली म्हणू नये. आपल्याकडे लोणी डोशावर ठेवतात, तिथे डोसा लोण्यात घालतात. बरोबर पांढरी बटाट्याची भाजी, हळद नाही काही नाही, आणि पातळसर तिखट चटणी. मी वेटरला इंग्रजीत काही विचारलं, तो गोड हसला आणि निघून गेला. भाभींनी त्यांच्या कोकणी उर्दूत हाक मारली, तर तो दखनीत "हौ, लातूं" म्हणत चौघांना आणखी एकेक डोसा घेऊन आला. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा घेऊन मी उपाशी राहिले असते.

चित्रदुर्गाजवळ प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात. हा खडक पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी आहे, असं मी उत्साहानं सांगू लागले. हसूदादा खिडकीतून बघत होते. मध्येच म्हणाले, "म्हंजे थोरल्या बुवापेक्षा पन जुना?" आणि हसले. निघाल्यापासून ते तेव्हाच पहिल्यांदा हसले. आणि मला भाच्याच्या फोनची आठवण होऊन घास गोड लागेना, हातात भाभींचा गोड वडा असूनसुद्धा.

बंगलोर

शनिवारी दुपारी मैदानाबाहेर रांग लागली होती. मला वाटलं होतं सगळी कॉलेजची मुलं असतील. पण निम्म्याहून अधिक रांग आमच्या वयाची होती, पिकलेल्या केसांवर काळे टी-शर्ट घातलेली. पोटावर बुवांचं तरुणपणीचं चित्र ताणलेलं. आमच्या पुढे कोइमतूरचं एक जोडपं होतं, मागे हैदराबादचे चार भाऊ. रांगेत बोलणं तेच, जे वडाळे तलावावर चालतं. तू किती दिलेस? सोफ्यावर कोण बसतं रे? कंपन्यांचे साहेब, ज्यांना एक गाणं माहीत नाही. पाण्याची बाटली आत कितीला देतात माहितीय का? आणि हा खरंच शेवटचा दौरा का? हैदराबादच्या थोरल्या भावानं खात्रीनं सांगितलं, की पुढच्या वर्षी बुवा पुन्हा येताहेत, खबर पक्की आहे. नजीरभाईंनी त्याला मिठीच मारली.

मग त्याच्या धाकट्यानं आवाज खाली करून म्हटलं, "पण म्हणतात की आता टेप लावतात. हा नुसतं तोंड हलवतो."

मी चटकन हसूदादांकडे पाहिलं. ते रांगेतल्या एका माणसाच्या टी-शर्टावरचं चित्र निरखत होते.

दारावर माझी पिशवी उघडली. रखवालदारानं नारळ बाहेर काढला, वरखाली केला आणि साहेबाला हाक मारली. साहेब आला.

"हे काय?"

"नारळ."

"नारळ आहे ते दिसतंय. आत कशाला?"

"गायकाला द्यायला."

साहेबानं एकदा माझ्याकडे, एकदा नारळाकडे पाहिलं. या वस्तूनं डोकं फुटतं, असं तो हिंदीत समजावून सांगू लागला. मागची रांग खोळंबली. पिशवी, बाटल्या, छत्र्या टाकायचं मोठं पिंप होतं, त्यात टाका म्हणाला. मी टाकलाही असता, पण हसूदादांनी माझ्या हातातून नारळ घेतला.

"बुवाचा नारल कचऱ्यान नाय टाकायचा."

"मग फोडून खाऊ," नजीरभाई म्हणाले. "साहेबांना पण देऊ."

"बुवापुढं ठेवल्याबिगर फोडायचा पन नाय."

झालं. पुढच्यांनी आत जाऊन जागा धरली आणि आम्ही नारळासाठी आसरा शोधत फाटकाबाहेर हिंडतोय. अखेर कोपऱ्यावर अबोलीचे गजरे विकणारी एक बाई बसली होती. भाभींनी तिच्याकडून दोन गजरे घेतले आणि खाणाखुणांनी नारळ तिच्या टोपलीत ठेवायला सांगितलं. त्या बाईला एक शब्द न सांगता सगळं कळलं. तिनं लाल दोरा पाहिला, नारळाला नमस्कार केला आणि ओल्या फडक्याखाली ठेवून दिला. दारावरच्या त्या साहेबाला जे कळत नव्हतं ते तिला कळलं, म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी तिसरा गजरा घेतला. बॉबकट असताना.

आत मैदान मोठं होतं, कडेनं जुनी झाडं. रांगेतल्या शेजाऱ्यांनी आमच्यासाठी गवतावर जागा राखली होती. सूर्य मावळता मावळता बुवा आले. पडद्यावर चेहरा दिसला आणि नजीरभाई रडायलाच लागले. किती म्हातारे झाले होते बुवा! कॅसेटच्या कव्हरावरचा तो दांडगा केसाळ माणूस कुठे आणि ही सुरकुतलेली मान कुठे. पण गिटार गळ्यात घातली आणि पहिली ओळ म्हटली, तेव्हा कळलं की टेपबीप काही नाही, हा स्वतः गातोय. टेप इतकी खरखरीत नसते. माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

भाभींनी अत्तराचे बोळे कानात घालून ठेवले होते. दोन गाण्यांनंतर काढून टाकले. "एवढंच? आपल्याकडे लग्नाच्या हळदीत वाजतो तो बेंजो याहून मोठा असतो," म्हणाल्या आणि गवतावर बसून पान लावायला लागल्या.

ज्या गाण्यासाठी सगळे आले होते ते शेवटाकडे आलं. खांद्यावर पेटी घेऊन हसूदादा जे ऐकत उभे राहिले होते, तेच. त्याच्या तिसऱ्या कडव्यात एक ओळ वर वर चढत जाते आणि टिपेला जाऊन तिथेच थांबते. कॅसेटवर ती किती वेळ थांबते, हे आमच्या तिघांच्या अंगात मुरलेलं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. मी भाभींना उठवून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नजीरभाईंनी डोळे मिटले होते. आमच्यात फक्त हसूदादा डोळे उघडे ठेवून, मान किंचित पुढे काढून बघत होते.

बुवा चढले. आणि फाटला आवाज. भाच्यानं सांगितलं होतं अगदी तसा.

एवढ्या मोठ्या मैदानावर एक क्षण कोणाला काय करावं ते सुचलं नाही. आणि माझ्या उजव्या कानाशी, एक हात कानावर आणि दुसरा हवेत, हसूदादांनी ती ओळ उचलली. शब्द त्यांना निम्मेच येतात, उरलेले बेलपाड्याचे. आवाज त्यांचाही फाटकाच. त्यांना वाटलं असेल की आपण मांडवात मागे बसलोय, पुढे बुवा थकलाय, आता उचलायलाच हवं. कोइमतूरच्या बाईंनी उचललं. हैदराबादच्या भावांनी उचललं. हसूदादांमुळे सगळं मैदान गायलं असं मी म्हणणार नाही, कारण त्याच क्षणी मैदानभर ठिकठिकाणी लोक आपापल्या गळ्यानं तेच करत होते. पण आमच्या बाजूला पहिला आवाज बेलपाड्याचा होता, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

बुवा माइकपासून दोन पावलं मागे गेले. पडद्यावर दिसलं, ते हसत होते. शरमेनं नव्हे. घरचं कार्य असलं आणि शेजाऱ्यांनी न सांगता पंगत वाढायला घेतली, की यजमान हसतो तसं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, आम्हाला ती ओळ पुरी गाऊ दिली आणि पुढची ओळ स्वतः एकदम खालच्या सुरात घेतली. वर आम्ही, खाली ते. शेवटपर्यंत तसंच चाललं.

मी रडत होते की गात होते ते आता आठवत नाही. बहुतेक दोन्ही, आणि दोन्ही बेसूर.

बाहेर पडलो तर गजरेवाली निघायच्या तयारीत होती. नारळ फडक्यात बांधून हातात घेऊन उभी होती.

दुसरा दिवस

रात्री लॉजवर पोचल्यावर हसूदादा लगेच झोपले होते. सकाळी कोपऱ्यावरच्या खानावळीत गेलो. तिथे बसायची पद्धत नाही, उंच टेबलांशी उभ्यानंच खायचं. इडल्या मऊ, सांबार गोडसर, कॉफी स्टीलच्या वाटीपेल्यातून. हसूदादांनी दोन प्लेट इडल्या संपवल्या. माणूस खातोय म्हणजे बरं आहे, असं मला आईनं शिकवलंय. मी धीर केला.

"हसूदादा, आवाज तुटला हो बुवांचा."

"तुटनारच होता. मना ठाव होता."

"कसं काय?"

"नजीरभाय फोनवर बोलतो तो खांदेश्वरपरेंत ऐकू जातो."

नजीरभाई म्हणाले, "अरे, मग ठाऊक होतं तर आलास कशाला एवढ्या लांब?"

हसूदादांनी पेला खाली ठेवला. "तुटल्यावर काय करतो ते बगायला आलतो. तुटतो सगल्यांचाच. पन ह्यो हसला. लोकांना बोलला, घ्या तुमी. नि आपन खालचा सूर धरला. तवा मी बोललो, असा पन करता येता."

मग माझ्याकडे वळले. "नि बाई, एक सांगू? आख्खा जल्म मी पुढं बसलो. पाठसून कवा उचलला नव्हता. काल पयल्यांदा उचलला. मना वाटायचा पोरा कीव करतान. तसा नाय होत. उचलताना त्याची कीव येतच नाय. लय बरा वाटता हो. आपन त्याच्या कामाला आलो असा वाटता."

भाभींनी त्यांच्यापुढे तिसरी प्लेट सरकवली. नजीरभाई काउंटरकडे तोंड करून उगाचच बिल मागत राहिले, तिथे पैसे आधीच द्यायचे असतात हे माहीत असून. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि मला एकदम भयंकर भूक लागली.

उरलेला दिवस भाभींच्या सिल्कनं खाल्ला. त्याचं वर्णन करत नाही. चार दुकानांत मिळून त्यांनी पाहिल्या तेवढ्या साड्या मी जन्मात नेसणार नाही, आणि घेतली ती पहिल्या दुकानातली पहिली.

बेलपाडा

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी विचारलं, "ठेवलास नारळ बुवांपुढे?"

नारळ पिशवीत होता, म्हणून खोटं बोलायची सोय नव्हती. "अजून पोचला नाही, आई. वाटेत आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

सप्ताहाला त्यांनाही घेऊन गेले. बेलपाड्याचा मांडव चारी बाजूंनी उंच इमारतींत सापडलेला. गॅलऱ्यांतून दिल्लीकडची, मद्रासकडची माणसं वाकून बघत होती. बंगलोरला तिकीट काढून गवतावर उभी राहिलेली मी इथे सतरंजीवर पुढे बसले, ते फुकटात, आणि आल्या आल्या हातात चहा. नजीरभाई आणि भाभी मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर. भाभींनी बंगलोरची साडी नेसली होती आणि ती कोणी विचारत नाही म्हणून त्या अस्वस्थ होत्या.

हसूदादा आले, पेटीवरची चादर काढली. मी उठले, पिशवीतून नारळ काढला आणि पेटीपुढे ठेवला. त्यांनी लाल दोरा ओळखला. नारळाला हात लावून कपाळाला लावला आणि पेटीचा भाता धरला.

सुरुवातीला खालचं खालचं गायले. मग अभंग रंगला, टाळ चढले आणि ती जागा आली. हसूदादा वर गेले आणि आवाज टर्रकन फाटला.

तोवर कोरसनं ओळ उचलली होती. सगळी पोरं एका दमात, मागून, जणू वर्षभर याचीच वाट बघत बसल्यासारखी. हसूदादांनी तोंड मिटलं आणि मागे रेलून त्यांचं गाणं ऐकत हसले. अगदी तसंच. तांब्यातलं पाणी प्यायले आणि पुढची ओळ खालून धरली. वर पोरं, खाली बुवा. मीही गात होते. कडेच्या खुर्चीवरून, भलत्याच जागी, सगळ्यांच्या वरताण नजीरभाईंचा आवाज आला, "वाह, बुवा, वाह!"

सासूबाईंची टाळी क्षणभर थांबली. त्यांनी पेटीपुढच्या नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोचला हो," म्हणाल्या, आणि पुन्हा टाळी धरली.